द्रोण का हसला? कूटश्लोक आणि आपला पुरावा

महाभारतातल्या नावांवर रचलेलं एक जुनं संस्कृत कोडं तुमच्या कानावर आलं असेल. केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद होतो आणि कौरव रडत बसतात. कृष्ण पडला तर कौरवांनी रडायचं कशाला?

उत्तर पदच्छेदात आहे. ‘क’ म्हणजे पाणी, ‘के’ म्हणजे पाण्यात; उरलं ‘शव’. पाण्यात पडलेलं प्रेत पाहून द्रोण, म्हणजे डोमकावळा, खूश होतो. कौरव म्हणजे कोल्हे, ते काठावर रडताहेत. आता व्याकरण बघा. केशव पुल्लिंगी, शव नपुंसकलिंगी. पण द्वितीयेत दोघांचा शेवट सारखाच, म्हणून ‘पडलेला’ हे विशेषण दोन्हीकडे बसतं. रचणाऱ्याने फसवलं खरं, पण अन्याय केला नाही. इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्डमध्येही चांगल्या सूचनेची कसोटी हीच असते. आणि गंमत अशी, की महाभारत जितकं पक्कं पाठ, तितके तुम्ही जास्त फसता.

अशा रचनेला कूट म्हणतात. ‘महाभारतात मुळापासूनच कूटं होती’ असं म्हणायचं झालं, की लोक गणपतीची गोष्ट सांगतात: अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही ही व्यासांची अट, आणि उसंत मिळावी म्हणून मध्ये पेरलेले कूटश्लोक. आकडाही ठरलेला, ८,८००.

इथे जरा थांबा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. ते १९६६ पर्यंत चाललं. वि. सी. सुखटणकरांनी संपादलेल्या आदिपर्वात (१९३३) ही गोष्ट मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. हस्तलिखितांचा आधारच तेवढा नव्हता. (वटारहून पुणं गाठायचं म्हणजे विरार लोकलपासून सुरुवात, अख्खा दिवस जातो. आधी सुखटणकरांची प्रस्तावना घरी वाचून काढा.)

मग गोष्ट टाकून द्यायची? मुळीच नाही. महाभारत कसं रचलं गेलं याचा ती पुरावा नाही, पण नंतरच्या वाचकांनी ते कसं वाचलं याचा नक्कीच आहे. अडलेला श्लोक त्यांना मुद्दाम घातलेलं कोडं वाटू लागला होता.

तुमची खरी अडचण इथेच येणार. पोथीतली ओळ लागत नाही. ती कूट आहे की लेखनिकाची चूक? कूट असेल तर अक्षरालाही हात लावायचा नाही, चूक असेल तर पाठ दुरुस्त करायचा. घाईने ‘गूढार्थ’ काढत बसू नका. आधी दुसऱ्या पोथ्यांतले पाठ बघा, मग दोन्ही अर्थ व्याकरणात उभे राहतात का ते तपासा. एकच अर्थ लागतोय आणि तोही विभक्ती वाकवून, तर मी तरी लेखनिकावर संशय घेईन.