जावास्क्रिप्ट : युटिलिटी फंक्शनांचा सराव-संग्रह

प्रोग्राममध्ये वारंवार लागणारे एखादे लहान काम एकदाच लिहून ठेवायचे आणि पुढे केवळ त्याचे नाव घेऊन ते करवून घ्यायचे, या हेतूने रचलेल्या कोडला ‘युटिलिटी फंक्शन’ म्हणतात. अशा फंक्शनांचा संग्रह म्हणजे ‘लायब्ररी’. जावास्क्रिप्ट शिकणाऱ्याने असा छोटा संग्रह स्वतः लिहून पाहणे हा अभ्यासाचा उपयुक्त भाग ठरतो.

पार्श्वभूमी

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ही भाषा घडवली. आरंभी तिच्यात तयार साधने मोजकीच होती. जेरेमी अ‍ॅशकेनास यांच्या ‘अंडरस्कोर’ (२००९) आणि जॉन-डेव्हिड डाल्टन यांच्या ‘लोडॅश’ (२०१२) या संग्रहांनी ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. यादीची वर्गवारी करणे, तिचे तुकडे पाडणे, पुनरावृत्त नोंदी वगळणे ही त्यांतील नेहमीची कामे होत.

‘लेफ्ट-पॅड’ प्रकरण

मजकुराच्या डावीकडे शून्ये अथवा मोकळ्या जागा भरून त्याची लांबी सारखी करणारे ‘लेफ्ट-पॅड’ हे फंक्शन अवघ्या ११ ओळींचे होते. मार्च २०१६ मध्ये नावाच्या वादातून त्याच्या लेखकाने ते ‘एनपीएम’ या सार्वजनिक कोशातून काढून घेतले. त्यावर विसंबलेले ‘बॅबेल’सारखे मोठे प्रकल्पही नव्याने उभारता येईनात. अखेर कोशचालकांनी ते काही तासांतच पूर्ववत केले. २०१७ च्या आवृत्तीत हेच काम करणारे ‘पॅडस्टार्ट’ भाषेतच समाविष्ट झाले.

सराव आणि कसोटी

फंक्शन लिहिण्यापेक्षा ते पारखणे कठीण असते. १०, ९ आणि १ या संख्यांची यादी जावास्क्रिप्टच्या ‘सॉर्ट’कडे सोपवल्यास १, १०, ९ असा क्रम मिळतो, कारण वेगळी सूचना नसल्यास तुलना संख्यांची नव्हे, अक्षरचिन्हांची होते. यादी रिकामी असेल तर काय होते, मूळ यादीत नकळत बदल तर होत नाही ना, हेही तपासावे लागते.

देवनागरीत आणखी एक अडचण येते. ‘गोवा’ हा शब्द वाचकाला दोन अक्षरांचा दिसतो. जावास्क्रिप्ट मात्र मात्रा व काना वेगळे मोजून त्याची लांबी ४ सांगते. शब्द उलटा करणारे साधे फंक्शन ‘वागो’ न देता काना सुटा पाडते आणि मात्रा ‘व’ला जोडते. अक्षरे अखंड ठेवण्यासाठी ‘इंटल सेगमेंटर’ ही सोय भाषेतच उपलब्ध आहे. इंग्रजी उदाहरणांत हा दोष सहसा उघड होत नाही. म्हणून मराठी विद्यार्थ्याने आपल्या संग्रहातील प्रत्येक फंक्शन देवनागरी मजकुरावरही चालवून पाहणे आवश्यक ठरते.

प्रत्यक्ष कामात लोडॅशसारखे पारखलेले संग्रह वापरणेच सोयीचे असते. सराव-संग्रह त्यांची जागा घेत नाही. आयते फंक्शन आत काय करते आणि कुठे चुकू शकते, हे ओळखण्याची दृष्टी मात्र त्यातून मिळते.