कर्नाक, कर्नाक आणि कर्नाक

मंडळी, मशीद बंदरला माझ्या आत्याचं बिऱ्हाड होतं. सुट्टीत गेलो की कर्नाक पुलावरून येरझारा ठरलेल्या. कर्नाक म्हणजे काय, कधी विचारलं नाही. पुढे साताऱ्यात मास्तर झालो. '५ सप्टेंबर १८३९, छत्रपती प्रतापसिंह महाराज पदच्युत' हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. पण ज्याने पदच्युत केलं तो मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कर्नाक आणि माझा तो पूल, यांचा सांधा निवृत्तीनंतर जुळला. लाज वाटली हो!

हा गव्हर्नर त्या ऑगस्टात स्वतः साताऱ्यात आला होता. कटाचे आरोप मान्य करा, गादी राहील, असं त्याचं म्हणणं. महाराजांनी साफ नकार दिला. त्यांना काशीला धाडलं आणि १८४७ साली ते तिकडेच वारले. रंगो बापूजींनी त्यांच्या न्यायासाठी लंडनला वर्षानुवर्षं खेटे घातले. पदरात काही पडलं नाही.

खरी गंमत नावाची. जेम्सचं मूळ आडनाव रिव्हेट. त्याची आत्या जनरल जॉन कर्नाकला दिलेली. जनरल वारल्यावर जेम्सच्या वडिलांनी त्याचं नाव लावलं. आणि हा जनरल कोण? १७७९ साली वडगावला मराठ्यांपुढे हात टेकलेल्या इंग्रज फौजेबरोबरच्या कमिटीचा प्रमुख! कंपनीने त्याला नोकरीवरून काढलं. वडगावला नाक कापलेलं नाव साठ वर्षांनी साताऱ्याच्या गादीवर उलटलं म्हणायचं.

हेच नाव फ्रान्समध्ये एका गावाचंही आहे. ब्रिटनी प्रांतात, समुद्राजवळ. तिथे तीन हजारांहून जास्त उभे दगड रांगेने रोवलेत, हजारो वर्षांपूर्वीचे. आपल्या वीरगळांसारखं कोरीवकाम नाही, नुसते धोंडे.

आता २०२५ चा जुलै बघा. १० तारखेला १८६८ च्या त्या पुलाच्या जागी नवा पूल खुला झाला, नाव 'सिंदूर'. ११ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात आपला प्रतापगड. आणि १२ ला त्याच यादीत कर्नाकचे धोंडे!

नाव गेलं ते बरंच झालं. मात्र महाराजांबद्दल दोन ओळी तिथे लिहायला हव्या होत्या, असं आपलं मला वाटतं. नातवाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "आजोबा, मग सिंदूरच्या आधी काय नाव होतं ते मला कोण सांगणार होतं?" दिवाळीत मुंबईला जायचंय. त्याला पुलावर नेईन म्हणतो.