ढाळ

आमच्या कुरुंद्यात गवंड्याला ‘ग्रेडियंट किती?’ विचारलंत तर तो तोंडाकडे बघत राहील. ‘स्लॅबला ढाळ किती दिलास?’ म्हणा, लगेच बोटांनी दाखवेल. गोष्ट एकच. किती अंतर गेल्यावर उंची किती बदलली, एवढाच हिशेब. लॅटिनमध्ये ‘ग्रादुस’ म्हणजे पाऊल, पायरी. गणिताच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘प्रवणता’ असं भारदस्त नाव आहे. मला ढाळच बरा वाटतो.

या हिशेबाची महाराष्ट्राला फार मोठी किंमत मोजावी लागली ती बोरघाटात. रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं, गाडी धावली १८६३ मध्ये. सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फूट चढायचं होतं. सगळ्यांत खडा चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. पायी माणसाला हा चढ काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. म्हणून तर आजही कर्जतला कितीतरी गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. तिचं नाव निदान उरलं. पटकीने गेलेल्या मजुरांपैकी एकाचंही आपल्याला सांगता येत नाही.

रुळाला दिशा एकच असते, शिवाराला मात्र चारी बाजू. तिथे ग्रेडियंट म्हणजे सगळ्यांत खडा चढ कुठल्या दिशेला आणि किती, हे दाखवणारा बाण. पाणी नेमकं त्याच्या उलट जातं. म्हणून शेतकरी उताराला आडवं पेरतो. १८४७ मध्ये फ्रेंच गणिती कोशीने हीच युक्ती समीकरणं सोडवायला वापरली: जिथे आहात तिथला उतार बघा, थोडं खाली उतरा, पुन्हा बघा. तुमच्या फोनमधला एआय शिकतो तो याच रीतीने, चूक कमी करत उतरत.

येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्याने वसमतकडे येतं तेही ढाळावरच, पंपाशिवाय. ढाळ जास्त झाला तर काठ खचतात, कमी झाला तर गाळ साचतो. जुलै २०२२ मध्ये मात्र पुराचं पाणी कुरुंद्यात घराघरांत शिरलं. सखल भाग कुठला, हे तेव्हा कुणाला नकाशात बघावं लागलं नाही. भिंतींवर ओलीची रेघ होती. ती सगळीकडे एकाच पातळीत होती, फक्त कुणाच्या घरात घोट्याशी आली आणि कुणाच्या छातीशी.