चेंडू हाती, कर्णधारपद दूर

एकेकाळी हिंदुस्थानातील क्रिकेटच्या मैदानावर दोन प्रकारची माणसे दिसत. एक हौसेने फलंदाजी करणारे साहेब आणि दुसरे, त्यांच्या सरावासाठी दिवसभर चेंडू टाकणारे पगारी नोकर. बाळू पालवणकर हे या दुसऱ्या वर्गातून पुढे आले.

त्यांचा जन्म धारवाडचा, चर्मकार समाजातला. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरवणे हे बाळूंचे पहिले काम. पुढे इंग्रजांच्या पूना क्लबात ग्रेग या नामांकित फलंदाजास ते तासन् तास चेंडू टाकीत. आपणास बाद केल्यास ग्रेग आठ आणे देई, असे सांगतात. या मजुरीतूनच त्यांची डावखुरी मंदगती गोलंदाजी तयार झाली. बॅट हाती घेण्याची संधी मात्र तेथे त्यांना मिळाली नाही.

पुण्यातील हिंदू संघाला त्यांची गरज भासली. पण मैदानात ज्याने हाताळलेला चेंडू सर्वांना चाले, त्याला चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. प्लेगच्या काळानंतर ते मुंबईस आले आणि हिंदू संघाचे मुख्य गोलंदाज झाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघाला यश थोडेच लाभले. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

तरीही कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी याच्या निषेधार्थ संघातून अंग काढून घेतले. अखेर तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावास जे लाभले नाही, ते धाकट्यास लाभले.

पुढे बाळू राजकारणातही उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या गोलंदाजीच्या बळावर हिंदू संघाने विजय मिळविले. त्या संघाने मात्र त्यांना आपले नायकपद कधी दिले नाही.