गावाचे नाव आणि हातातले काम



डहाणूजवळ आगर नावाचे गाव आहे. गाडीतून जाता-येता आपण पाटी वाचतो आणि पुढे जातो. पण हा शब्द काय सांगतो? खाडीकाठी बांध घालायचा, भरतीचे पाणी आत घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि मीठ ओढायचे, त्या जागेला आगर म्हणतात. किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागेलाही आगरच म्हणतात. कोणताही अर्थ घ्या, माणसाचा घाम गळल्याशिवाय आगर होत नाही. आगरी समाजाचे नावसुद्धा याच शब्दावरून आले.

ही रीत फार जुनी आहे. कोसंबीचे भिक्खू आपसात भांडू लागले तेव्हा तथागत त्यांना सोडून एकटे निघाले आणि बालकलोणकार नावाच्या गावी गेले. तिथे त्यांना भगू भिक्खू भेटले. पालीत लोण म्हणजे मीठ. लोणकार म्हणजे मीठ करणारे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही मिठावरून गाव ओळखले जात होते!

आपल्या भागातली सगळीच नावे काही धंद्याची नाहीत. चिंचणीत चिंच आहे, आमगावात आंबा आहे, तलासरीच्या झरीत पाणी आहे. वारली, धोडी, कातकरी यांचे पाडे झाडावरून, टेकडीवरून, नाहीतर कुणा कर्त्या माणसाच्या नावाने ओळखले जातात. पण ज्यांनी जमीनदाराच्या शेतावर वेठ केली, त्यांच्या कामाचे नाव कुठल्या पाटीवर आहे? वाडी ओळखली जाते मालकाच्या नावाने, खड्डे खणणाऱ्याच्या नाही. २३ मे १९४५ रोजी झरीला आदिवासींची परिषद झाली आणि वेठ करणार नाही असे ठरले. त्या दिवसापासून झरी हे नुसते पाण्याचे नाव राहिले नाही.

आता आपल्याबद्दल बोलतो. कुंभारवाडा, सुतारआळी म्हटले की डोळ्यापुढे चाक येते, रंधा येतो. महारवाडा म्हटले की काय येते? वेशीबाहेरची जागा आणि वतनाची गुलामी! गावाची राखण, सरकारी निरोप, मेलेली ढोरे ओढणे, सगळे आपल्याकडे, आणि मोबदला म्हणजे शिळा तुकडा. हे वतन मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. ते वतन कायद्याने गेले १९५८ च्या कायद्यानंतर. पण वस्तीचे नाव कुठे गेले? मी गिरणीत कामाला लागलो तेव्हा फॉर्मवर गावचा पत्ता लिहिला. तो वाचून समोरच्या बाबूने मला काय येते हे विचारलेच नाही. साच्यावर काम करता येत होते मला. पण हातात दिला झाडू.

वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की शेती करतो तो शेतकरी, कारागिरी करतो तो कारागीर. माणूस कर्माने ओळखावा, जन्माने नाही. आगर हे नाव या कसोटीला उतरते, महारवाडा उतरत नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जातीवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगली गोष्ट झाली. पण पाटी बदलली म्हणून भागत नाही. नव्या पाटीखाली जुनेच नाव तोंडात राहिले तर काय उपयोग?

म्हणून एक विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपले आजे-पणजे कुठल्या गावचे, कुठल्या वस्तीतले, काय काम करीत होते. लाज न धरता वहीत लिहून ठेवा आणि ती वही विहारात आणून द्या. जे नाव लादले ते टाकून देऊ. पण जे कष्ट केले, त्यांची नोंद आपणच ठेवली पाहिजे. दुसरा कोणी ठेवणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!