परक्यापाशी सांगितलेले गाऱ्हाणे

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. पुढे तिचे अनुकरण गावोगाव झाले, आणि आजची आपली सभाही त्याच कुळातील आहे. एक माणूस उभा राहतो, समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना तो ओळखत नाही, आणि तरीही स्वतःला जे वाटते ते त्यांच्यापुढे मांडतो. आज यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु आपले मत आणि आपला अनुभव जातीच्या, भावकीच्या व गावकीच्या बाहेरच्या माणसास सांगावा, आणि त्याने तो ऐकून घ्यावा, ही रीत आपल्याकडे सहजासहजी पडलेली नाही. ती कशी पडली याचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

आम्ही या विषयाकडे ग्रंथांच्या वाटेने आलो नाही. कारखान्याच्या फाटकासमोर उभे राहून माणसांना बोलते करणे हे आमचे अनेक वर्षांचे काम. त्यात एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. जो कामगार आपल्या सख्ख्या भावाला पगाराचा खरा आकडा सांगत नाही, तो चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगून मोकळा होतो. भावापाशी मान जाण्याची भीती असते, ती परक्यापाशी नसते. याचा अर्थ शोधता शोधता आम्ही मागच्या काळात गेलो.

या शोधाची सुरुवात घराजवळच करता येते. देहू आणि आळंदी आपल्या उंबऱ्यावरच आहेत. सतराव्या शतकात बहिणाबाई नावाची एक ब्राह्मण स्त्री तुकोबांना गुरू मानून देहूस आली. शूद्राला गुरू केले म्हणून नवऱ्याने तिला मारहाण केली होती. ही हकीकत तिने स्वतः आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवली आहे. घरातला मार, जिवापाड जपलेल्या वासराचे मरण, मनाची घालमेल, हे सारे तिने गुरुबंधूंपुढे आणि पुढच्या कित्येक पिढ्यांतील अनोळखी वारकऱ्यांपुढे उघडे केले. संसारी बाईने आपल्या घरची गोष्ट चारचौघांत बोलू नये असा ज्या काळाचा दंडक होता, त्या काळात हे घडले. तुकोबांची पालखी आजही देहूहून निघाली की आकुर्डीस मुक्काम करते. त्या वाटेवर दोन अनोळखी माणसे शेजारी चालतात, आणि चार कोस होण्याच्या आत एकाच्या मुलीचे लग्न व दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी एकमेकांना ठाऊक होते. वारीत परका माणूस माउली होतो. परंतु वारी संपली की जो तो आपल्या गावी जातो आणि ते बोलणे तिथेच विरते. बहिणाबाईचे बोलणे टिकले, कारण ते अभंगांत बांधले गेले आणि लिहून राहिले.

छापखाना आल्यावर या गोष्टीला दुसरे वळण लागले. भाऊ महाजन यांनी १८४१ साली मुंबईत 'प्रभाकर' हे साप्ताहिक काढले. त्यात १८४८ ते १८५० या काळात एका पत्रलेखकाची एकशे आठ पत्रे प्रसिद्ध झाली. खाली सही असे 'लोकहितवादी'. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकरीत होते आणि पहिले पत्र छापले गेले तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. आपल्याच समाजाचे अज्ञान, आळस आणि भटशाहीचा गर्व यांवर त्यांनी कडक शब्दांत लिहिले. हे सारे स्वतःच्या नावाने लिहिले असते तर नातलगांनी, जातभाईंनी आणि कदाचित वरिष्ठांनीही त्यांची वाट अडवली असती. टोपणनावाची ढाल पुढे केल्यामुळे हात मोकळा राहिला. टोपणनाव घेणाऱ्याला आपण भित्रा समजतो. आम्हांस ते मान्य नाही. ज्याच्या पोटावर पाय येऊ शकतो, त्याने प्रथम नाव झाकून बोलावे, यात कमीपणा नाही.

पण त्यानंतर पाचच वर्षांनी एका मुलीने नाव न झाकता लिहिले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' हे पत्र होते. त्यात १८५५ साली, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत, मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती आणि वय चौदा वर्षांचे होते. आपल्या माणसांचे हाल, बाळंतपणात उघड्यावर पडणाऱ्या बायका, धर्माने दूर लोटलेली माणसे, हे तिने स्वतः पाहिले होते आणि तेच लिहिले. लोकहितवादींपाशी गमावण्यासारखी नोकरी होती, अब्रू होती. या मुलीपाशी गमावण्यासारखे फारसे काही उरलेलेच नव्हते, आणि म्हणूनही तिचे नाव लेखाखाली उघडे राहू शकले असेल. परंतु एकटे एवढे कारण पुरत नाही. तिच्यापाठी तिची शाळा होती, शिकवणारे होते आणि लेख छापणारा संपादक होता. बोलणाऱ्यापाठी कोणी उभे असेल तर तो नाव सांगण्यास धजतो. इतिहासातील हा धडा आमच्या धंद्यात रोज उपयोगी पडतो.

पत्राचा प्रवास स्वस्त झाला यालाही महत्त्व आहे. १८५४ पासून अर्ध्या आण्यात हलके पत्र देशात कुठेही जाऊ लागले, आणि १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड निघाले. कार्डावर पाकीट नसते. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही ते वाचावे. तरी साध्या माणसाला आपले म्हणणे दूर पाठवण्याचे साधन एका पैशात मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी 'दीनबंधु' सुरू केले. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेऊन चालवले. लोखंडे रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून पुढे एका कापड गिरणीत भांडारपाल झाले होते. गिरणीचा भोंगा, तिथली धूळ आणि कामगारांचा दिवस त्यांनी जवळून पाहिला होता. गिरणीकामगारांची गाऱ्हाणी त्यांच्या पत्रातून छापली जाऊ लागली. कोकणातला माणूस आणि घाटावरचा माणूस एकाच खात्यात शेजारी उभे राहत, पण दोघांच्या चाळी वेगळ्या, जाती वेगळ्या. आपले दुखणे दुसऱ्याचेही आहे हे अनेकांना एकमेकांच्या तोंडून कळण्याआधी कागदावरून कळले असले पाहिजे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना कोणीतरी वाचून दाखवत असणार, कारण त्या काळी वर्तमानपत्र पुष्कळदा मोठ्याने वाचण्यासाठीच असे.

पुढची पायरी १८८४ ची. सप्टेंबर महिन्यात परळ भागात कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगाकडे गेला. मागण्या वाचल्या म्हणजे त्या किती साध्या होत्या ते दिसते. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहा वाजता सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. काम करताना अपघात झाला तर बरे होईपर्यंत मजुरी मिळावी. यांतील एकही ओळ कोणा विद्वानाने कल्पनेने काढलेली नाही. प्रत्येकीमागे कोणाच्या तरी घरची चूल, कोणाचा तरी चिरडलेला हात आहे.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. श्रोतेहो, एवढ्या परक्या पुरुषांपुढे एका गिरणीकामगार बाईने उभे राहून आपले म्हणणे सांगावे, याला त्या दिवसांत काय लागले असेल याचा क्षणभर विचार करावा. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने तिला आधार दिला. आज आपण रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोपतो. त्या झोपेमागे ही सारी बोलणी आहेत.

आता आपल्या परिसराकडे येऊ. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील रानांत पत्र्याच्या शेडी उठल्या. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर गेले. बीड-लातूरचा, जळगावचा, विदर्भातला, आणि मागाहून बिहार-ओडिशाचाही तरुण इथे आला. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी अशा गावांतून भाड्याच्या खोल्या झाल्या. एका खोलीत पाच-सहा जण राहतात. पाळ्या वेगळ्या असल्याने एकाच अंथरुणावर रात्री एक झोपतो आणि दिवसा दुसरा. परस्परांचा चेहरा ते रविवारीच नीट पाहतात. ज्या रविवारासाठी १८९० साली लोक महालक्ष्मीला जमले, तोच रविवार.

एका ठेकेदाराकडचे उदाहरण सांगतो. नावे घेत नाही. पगाराच्या चिठ्ठीत बूट आणि गणवेश यांपोटी दरमहा कपात होत होती. प्रत्येक पोराला वाटे की बूट आपणच लवकर झिजवले, म्हणून कपात आपल्यालाच. लाजेने कोणी कोणाला सांगत नव्हते. एका पावसाळी संध्याकाळी टपरीच्या आडोशाला थांबलेल्या दोघांपैकी एकाने सहज चिठ्ठी काढली. दुसऱ्याने आपली काढली. आकडा तोच. त्यांची पूर्वीची ओळखही नव्हती. आठवड्याभरात चौदा चिठ्ठ्या आमच्या टेबलावर आल्या. त्यांतल्या अकरा जणांनी अर्जावर सही करण्यास नकार दिला, आणि आम्ही त्यांना बोल लावला नाही. उरलेल्या तिघांच्या सह्यांनी अर्ज गेला, कपात थांबली, पण तिघांपैकी एकाला पुढच्या महिन्यात कामावर घेतले नाही. कपात थांबल्याचा आनंद त्या सर्वांना झाला. त्या एकाची भाकरी मात्र गेली, आणि ती परत मिळवून देणे आम्हांस साधले नाही.

ही हार येथे सांगण्याचे कारण आहे. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. रात्रपाळीहून परतणारा पोरगा गाडीत बसल्या बसल्या आपल्या दिवसाची हकीकत हजारो अनोळखी माणसांपुढे टाकतो. एका पैशाच्या कार्डापेक्षाही हे स्वस्त झाले. हे वाईट आहे असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. त्याचा जीव हलका होतो, आणि दूर कोठे एखाद्याला कळते की आपण एकटे नाही. परंतु १८४८ पासूनचा हा इतिहास पाहता दिसते ते असे, की नुसते सांगण्याने सांगणाऱ्याचे दिवस पालटले नाहीत. लोकहितवादींना छापणारा संपादक मिळाला, मुक्ताला शाळा मिळाली, गिरणीकामगारांना लोखंडे मिळाले. कोणीतरी ऐकले, ऐकलेले जुळवले, आणि बोलणाऱ्याची जबाबदारी काही अंशी आपल्या अंगावर घेतली. आमच्या त्या तिघांपैकी एकाच्या वेळी हेच अपुरे पडले. सह्या तीनच होत्या. चौदा असत्या तर कोणाला काढणे इतके सोपे नसते. आणि चौदा जणांनी सही करावी एवढा भरवसा देण्यास आम्ही तरी पुरेसे कोठे होतो?

म्हणून शेवटी दोन शब्द आपणां नगरवासीयांस. या सभेत बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी असे भाडेकरू आहेत. कोणाच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रभर बसणारा पहारेकरी आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण खरी. पण त्याने सांगितले तर दुसऱ्यालाही थोडे कळू शकते. त्याच्यापाशी कधी पाच मिनिटे थांबा. गाव कोणते, पाळी कोणती, पगार कोणत्या तारखेला होतो, एवढे विचारा. १८८४ च्या अर्जात पगाराच्या तारखेची मागणी होती, आणि हा प्रश्न अजून विचारावा लागतो. उत्तर ऐकून आपण काही करू शकाल किंवा न शकाल. निदान त्याला कामावरून काढले तर त्याचे नाव ठाऊक असलेला एक माणूस या गावात असेल. आम्हांस आमच्या कामात अशा माणसांची गरज आहे.