नऊ टेकड्यांचे नगर : प्राचीन नासिकच्या इतिहासाची दोन साधने

प्रस्तावना :
प्राचीन काळी नदीकाठी वसणाऱ्या नगरांना पाण्याची जवळीक आणि पुरापासून संरक्षण या दोन्ही गोष्टींची आवश्यकता होती. गोदावरीच्या उजव्या तीरावरील जुने नाशिक उंचवट्यांवर वसले, याचे प्रमुख कारण हेच होय. १९६९ व २००८ च्या महापुरांनी या निवडीमागील शहाणपण पुन्हा सिद्ध केले. जुने शहर नऊ टेकड्यांवर वसलेले असल्याचे परंपरा सांगते. 'नवशिख' शब्दापासून 'नाशिक' हे नाव आले, ही व्युत्पत्तीही त्यातूनच रूढ झाली. तथापि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांतील लेखांत 'नासिक' हेच रूप आढळते. त्यामुळे ही व्युत्पत्ती ग्राह्य धरता येत नसली, तरी तिच्यात नगराच्या भूरचनेची स्मृती जपली गेली आहे. या नगराचा इतिहास कोणत्या साधनांतून उभा राहतो आणि ती साधने कितपत सुरक्षित आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिलालेखांतील नगर :
इंदिरानगरच्या नैर्ऋत्येस मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. त्यातील चोवीस लेणी 'पांडवलेणी' म्हणून परिचित आहेत. क्रमांक १९ चे लेणे सातवाहन राजा कृष्ण (कण्ह) याच्या काळात नासिक येथील महामात्राने खोदविले. क्रमांक १८ च्या चैत्यगृहावरील लेखात नासिककरांच्या धंभिक गावाच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजेच डोंगरातील शिल्पवैभवामागे नगरातील व परिसरातील लोकांचे द्रव्य उभे होते.

क्रमांक १० च्या लेण्यातील लेख या दृष्टीने अधिक बोलके आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली. त्यांपैकी २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक, तर १००० कार्षापणांवर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यावयाची नव्हती. केवळ व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रादी गरजा भागवावयाच्या होत्या. हे दान निगमसभेत जाहीर करून त्याची रीतसर नोंद करण्यात आली. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात तेली, जलयंत्रकार आणि बहुधा कुंभार यांच्या श्रेणींकडेही ठेवी ठेवल्याचे दिसते. कारागिरांच्या संघटनांवर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकता येईल, इतके आर्थिक स्थैर्य या परिसरात होते, असा निष्कर्ष यावरून निघतो.

मातीतील नगर :
शिलालेखांत दात्याचे नाव येते. परंतु त्याच्या घरातील मडक्याचा उल्लेख येत नाही. ही उणीव 'मातीची गढी' या पांढरीच्या टेकाडाने भरून काढली. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या खुणा, त्यावर आद्य ऐतिहासिक काळातील थर आणि सर्वांत वर मुस्लिम-मराठा काळाचे अवशेष, असा क्रम त्यातून समोर आला. उत्तर भारताशी संपर्क सुचविणारी काळी झिलईदार भांडीही येथे मिळाली. 'गुलशनाबाद' या नावाने मध्ययुगात ओळखले गेलेले शहर या जुन्या थरांवरच उभे होते.

साधनांचे भवितव्य :
इटलीतील चिविता दी बान्योरेजिओ हे एत्रुस्कन काळापासूनचे टेकडीवरील नगर येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. त्याच्या ज्वालामुखीय खडकाखालील चिकणमाती झिजत असल्याने नगराच्या कडा ढासळत गेल्या. मात्र तेथे नगराचा नैसर्गिक आधार झिजतो, तर नाशिकच्या गढीची माती हाच इतिहासाचा दस्तऐवज आहे. तिच्यात माणसांच्या वस्तीचे थर साठलेले आहेत. पावसाळ्यात गढीची माती खचते, तेव्हा काठावरील घरे धोक्यात येतात आणि त्याचबरोबर थरांचा क्रमही नष्ट होतो. मडक्याचा तुकडा नंतर हाती लागला, तरी तो कोणत्या थरातील होता हे सांगता येत नाही.

समारोप :
कातळावर कोरलेले दात्यांचे शब्द दोन सहस्रके टिकले. ज्यांच्या श्रमांवर ती दाने उभी राहिली, त्यांच्या जीवनाचा पुरावा मात्र मातीत आहे. या दोन्ही साधनांचे एकत्रित वाचन केल्याशिवाय प्राचीन नासिकचा इतिहास पूर्ण होत नाही. गढीवरील रहिवाशांची सुरक्षितता प्रथम महत्त्वाची आहेच. परंतु संरक्षक बांधकाम करण्यापूर्वी उघड्या पडलेल्या छेदांचे मोजमाप, छायाचित्रण व थरनिहाय नोंद झाल्यास संरक्षण आणि संशोधन यांत विरोध राहणार नाही. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना पुरातत्त्व तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली या कामात मोलाचा वाटा उचलता येईल. खचलेली भिंत पुन्हा बांधता येते. विस्कटलेला थर मात्र पूर्ववत करता येत नाही.